अकरावा शेरा

तामार ग्वेलेसियानी यांचं उत्तर आलं तेव्हा प्रणोती सावर्डेकर वर्कशॉपच्या गच्चीवर डबा खात होती. तिने सहाव्यांदा पाठवलेल्या कोडवर चौदा शेरे होते.

"चौदा!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की खाली सोल्डरिंग करणाऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवून वर पाहिलं.

मिरजेतल्या त्या लहानशा वर्कशॉपमध्ये एकच वस्तू तयार होत होती: हनुवटीखाली चिकटवायची, बोटभर रुंद, मऊ पट्टी. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांचा आवाज जातो. पण बोलायची सवय जात नाही. मेंदू हुकूम देतच राहतो. जीभ हलते, जबडा हलतो, मानेचे स्नायू आखडतात आणि सैल पडतात. स्नायू हलला की कातडीवर अगदी सूक्ष्म वीज उमटते. पट्टी ती वीज सेकंदाला हजार वेळा मोजायची आणि फोनला कळवायची. फोनमधला प्रोग्रॅम त्या आकड्यांवरून शब्द ओळखायचा, आणि कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून त्या माणसाच्याच जुन्या आवाजात तो शब्द बाहेर पडायचा. ओठ हलणं आणि आवाज येणं यांत इतकं कमी अंतर असायचं की समोरच्याला ते जाणवतही नसे.

पट्टीला फोनची भाषा येत नाही आणि फोनला पट्टीची. दोघांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो प्रणोतीने लिहिला होता. तो 'कोरल'मध्ये जायला हवा होता. कोरल ही जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम. गेल्या काही वर्षांत निम्म्या जगाचे फोन आणि जवळजवळ सगळ्या दवाखान्यांतली यंत्रं तिच्यावर चालत होती. कोरलमध्ये ओळीभर जरी कोड घालायचा, तरी त्या विभागाचा राखणदार तो आधी वाचतो, शेरे मारतो, आणि समाधान झालं तरच आत घेतो. अंगावर घालायच्या यंत्रांच्या राखणदार होत्या जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात राहणाऱ्या तामारबाई. वय साठीच्या पुढे. त्यांच्या शेऱ्यांना जगभरचे प्रोग्रॅमर टरकून असत.

प्रणोतीने डबा बाजूला ठेवला आणि शेरे वाचायला घेतले.

पहिला शेरा: आकडे वाचणं चालू असतानाच कुणी पट्टी ओढून काढली, तर तुमचा ड्रायव्हर फोनला परत केलेल्या मेमरीत लिहीत राहतो. फोन बंद पडेल. प्रणोतीने कोड पुन्हा पाहिला. खरंच पडला असता.

चौथा शेरा: पुढचा आकडा येईपर्यंत तुम्ही प्रोसेसरला नुसतं गोल गोल फिरवत ठेवलं आहे. त्याला झोपू द्या, आकडा आला की उठवा. बॅटरी दुपारीच संपते अशी तक्रार येत नाही का?

येत होती. आबा रोज दुपारी चारला फोन चार्जिंगला लावून गप्प बसायचे.

नववा शेरा वाचून तिला हसू आलं. "तुमच्या कोडमध्ये 'आबा_मर्यादा' नावाचा एक आकडा आहे. आबा हे कशाचं एकक आहे? मला कुठल्याच कोशात सापडलं नाही."

पण अकराव्याशी तिचं हसू मावळलं. "एका ठरावीक उंचीच्या खालचा आणि सेकंदाच्या पाचव्या भागाहून छोटा प्रत्येक संकेत तुम्ही गोंगाट म्हणून फेकून देता. हा गोंगाट आहे हे कुणी ठरवलं? ड्रायव्हरचं काम यंत्र जे सांगतं ते जसंच्या तसं वर पोचवणं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणं त्याचं काम नाही. हे काढून टाका."

हा गाळणीचा भागच तर तिने चार महिने घासूनपुसून केला होता. गिळणं, ढेकर, मान वळवणं, पट्टीचं घासणं, सगळी खरखर त्यानेच अडवली जायची. त्याच्यामुळेच आवाज स्वच्छ यायचा. आबांचा आवाज.

हिंदुराव सावर्डेकर म्हणजे प्रणोतीचे आबा. हायस्कूलात पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, पण सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, कुस्तीचे निवेदक. तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या जत्रांतली मैदानं गाजवली. पैलवान मातीत उतरायच्या आधी आबा त्याला शब्दांनी असा उतरवायचे की तो दंड थोपटण्याआधीच शिट्ट्या वाजायच्या. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. वर्षभर आबा पाटी-पेन्सिल घेऊन बसले. मग प्रणोतीने पुण्याची नोकरी सोडली आणि या वर्कशॉपात आली. लोकांनी मैदानांत फोनवर काढलेले जुने व्हिडिओ गोळा करून आबांचा आवाज बांधला. आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पट्टी लावल्यावर आबा म्हणाले होते, "छान आहे." तेव्हापासून कधीही विचारलं की ते हेच म्हणायचे. छान आहे.

तिने तिथेच गच्चीवर बसून उत्तर लिहिलं. बाकीचे शेरे मान्य, आभार. अकरावा मान्य नाही. "तुम्ही कोड वाचता, मी माणूस पाहते. माझे वडील हे यंत्र रोज वापरतात. 'आबा' म्हणजे तेच. खरखर काढली नाही तर त्यांच्या आवाजाचा चिखल होईल."

उत्तर दहा मिनिटांत आलं. "वडील रोज वापरतात हे फार चांगलं. मग त्यांना विचारा."

"उद्धट बाई आहे," प्रणोती पुटपुटली.

अडचण अशी, की वेळ नव्हता. कोरलची नवी आवृत्ती वर्षातून दोनदाच निघायची आणि या वेळचं दार बारा दिवसांत बंद होणार होतं. दवाखान्यात डॉ. फरीदा मुल्ला यांच्या यादीत एकोणीस जण थांबले होते. पट्ट्या तयार होत्या. पण अधिकृत ड्रायव्हर नसलेलं यंत्र पेशंटला द्यायला दवाखान्याची परवानगी नव्हती. आबांना चाचणीपुरती मुभा मिळाली होती, एवढंच.

"हे दार चुकलं तर सहा महिने," डॉक्टरांनी फोनवर बजावलं. "प्रणोती, यातल्या काहींकडे सहा महिने आहेत की नाहीत, हे मी सांगू शकत नाही. बाई म्हणते ते कर आणि मोकळी हो."

"अहो, पण ती चूक म्हणतेय!"

"मग पटवून दे तिला. पण लवकर."

प्रणोती त्या संध्याकाळी लवकर घरी आली. आबांचं मत व्हिडिओवर घ्यायचं आणि तामारबाईंच्या तोंडावर फेकायचं, असं ठरवूनच.

स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र ती थबकली. आई, म्हणजे इंदुमतीबाई, भाकरी थापत होती आणि आबा पाटावर बसले होते. आईने मान ताठ केली, डोळे समोर लावले आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात म्हणाली, "नमस्कार. मला अर्धी भाकरी हवी आहे. पिठलं छान आहे. धन्यवाद."

ती आबांची नक्कल करत होती. म्हणजे पट्टीतून बोलणाऱ्या आबांची.

आबांचे खांदे हलायला लागले. डोळे मिटले गेले, मान मागे गेली, एक हात गुडघ्यावर आपटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माणूस पोट धरून हसत होता, आणि कॉलरवरचा स्पीकर गप्प होता. त्याच्यावरचा हिरवा दिवा तेवढा शांतपणे लुकलुकत होता.

दाराशी उभ्या असलेल्या प्रणोतीने मनात हिशेब केला. आठ महिने. आठ महिन्यांत आपण आबांचं हसणं ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही हे आपल्या लक्षातही आलं नाही.

"आई, हे असं... नेहमी होतं?"

आईने चपापून मागे पाहिलं. "अगं, तू कधी आलीस? तसं नव्हे गं, गंमत करत होते."

"आबा, खरं सांगा. हे यंत्र छान आहे का?"

आबांनी डोळे पुसले. स्पीकरमधून स्पष्ट, स्वच्छ आवाज आला, "छान आहे."

"आबा!"

त्यांनी पुढचं ताट बाजूला सरकवलं. मग सावकाश म्हणाले, "तू नोकरी सोडून आलीस. रात्रंदिवस खपलीस. तुला काय सांगायचं? आवाज माझाच आहे. पण बोलणारा मी नाही. कुणीतरी शिकलासवरलेला पाहुणा आहे. मी नुसता होकार भरला, तो येत नाही. नकार भरला, येत नाही. तुझी आई काही सांगत असली तर मधे मधे हुंकार देतो, तो येत नाही. ती म्हणते, तुम्ही ऐकताय की भिंतीशी बोलतेय मी?"

"तर काय!" आई म्हणाली.

प्रणोतीने तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडला. चाचणीसाठी पट्टीचे मूळ आकडे ती साठवून ठेवत असे, पण बघायची ते गाळणीतून खाली आलेले. आता तिने गेल्या पाच मिनिटांचे गाळणीत जाण्याआधीचे आकडे पडद्यावर आणले. तिथे ते होतं. सेकंदाला पाच, एकासारखे एक, बुटके, टोकदार उंचवटे; एका लयीत, दमत जाणारे, पुन्हा उसळणारे. तिच्या ड्रायव्हरने त्यांतल्या प्रत्येकाला मापलं होतं, प्रत्येक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून आखूड भरला होता, आणि प्रत्येक गोंगाट म्हणून बाहेर काढला गेला होता. हसणं म्हणजे असतं तरी काय? आखूड, तुटक, शब्द नसलेलं. तिने ठरवलेल्या गोंगाटाच्या व्याख्येत ते चपखल बसत होतं.

त्या दिवशी तिने तामारबाईंना एकच ओळ पाठवली. "विचारलं. तुमचं बरोबर आहे. काढते."

काढणं सोपं नव्हतं. गाळणीवर बाकीचा अर्धा कोड उभा होता. तो पाडून पुन्हा बांधावा लागला. पट्टी उपटली तर काय, बॅटरी उतरली तर काय, दोन पट्ट्या एकदम जोडल्या तर काय, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या. 'आबा_मर्यादा'ही तिने पुसली. पाचव्या दिवशी सकाळी नवा ड्रायव्हर घालून तिने आबांना अंगणात खुर्चीवर बसवलं.

"हसा आबा."

"हसायला काय बटन हाय व्हय गं?" स्पीकर म्हणाला, आणि प्रणोतीने चमकून पाहिलं. ते 'व्हय' आणि 'हाय' आठ महिन्यांत प्रथमच आले होते. अशा आखूड शब्दांचा बळी जायचा आणि फोनमधला प्रोग्रॅम उरलेल्या जागा पुस्तकी शब्दांनी भरून काढायचा, हे तिला आत्ता उमगलं.

"नुसता प्रयत्न म्हणून."

आबांनी कर्तव्य म्हणून हसून दाखवलं. "हॅ. हॅ. हॅ."

आई दारातून म्हणाली, "हे काय! म्हसरू खोकल्यागत!"

आणि मग ते आलं. आधी एक चिरका, वरच्या पट्टीतला सूर, आणि त्याच्या मागोमाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खडी ओतावी तसं घडघडत, थांबत, पुन्हा घडघडत आबांचं हसणं अंगणभर पसरलं. जुन्या व्हिडिओंतून आवाज बांधताना हे हसणंही प्रोग्रॅमने शिकून ठेवलं होतं. त्याला कुणी कधी बोलावलंच नव्हतं. स्वतःचा आवाज कानावर पडताच आबा दचकून थांबले, स्पीकरकडे बघितलं, आणि दुप्पट हसायला लागले. शेजारच्या कंपाउंडवरून कुणीतरी ओरडलं, "सर, आला की वो आवाज!" आईने कणकेचे हात तसेच तोंडावर घेतले. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी जेवताना मात्र नवीनच पंचाईत झाली.

"आमटी खारट झालीय," स्पीकर म्हणाला.

आईने मान वर केली. आबा घाईघाईने हात हलवू लागले. "मी बोललो न्हाई! मनात म्हटलं नुसतं!"

"मनात? चाळीस वर्षं मनात असंच म्हणत आलात काय?"

"ही आता ताट उचलती बघ," स्पीकर पुटपुटला, आणि आबांनी कपाळावर हात मारला.

प्रणोतीला हसू आवरेना. पण ताटावरून उठताना ती गंभीर झाली होती. माणूस मनाशी बोलतो तेव्हाही जीभ आणि घसा किंचित हलतात, ओठ बंद असले तरी. पट्टीला तेही कळतं. आता काहीच अडवायचं नाही म्हटल्यावर माणसाच्या मनातलं निम्मं उघड्यावर येणार. दवाखान्यात बसलेला माणूस डॉक्टरबद्दल, सासरी गेलेली बाई सासूबद्दल मनात काय म्हणत असेल, ते सगळं कॉलरवरून ऐकू येणार. मग आपली गाळणी बरोबर होती म्हणायची का?

ती अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. नाही. गाळणी असणं चूक नव्हतं. ती माणसाच्या हातात नव्हती, हे चूक होतं.

तिने ड्रायव्हरला सगळं वर पोचवू दिलं, आणि फोनच्या पडद्यावर बोटाने सरकवायची खूण असलेली एक साधी आडवी रेघ ठेवली. तिच्यावर लिहिलं, 'किती ऐकू द्यायचं?' एका टोकाला फक्त स्पष्ट उच्चारलेले शब्द. मध्ये हुंकार, हसणं, उसासे. दुसऱ्या टोकाला सगळं. ज्याचं तोंड, त्याचं बोट. सातव्यांदा कोड पाठवला, तेव्हा दार बंद व्हायला पाच दिवस उरले होते.

या वेळी एकच शेरा आला. "पहिल्यांदा फोन सुरू होईल तेव्हा ही खूण कुठे असेल?"

आठवड्यापूर्वीची प्रणोती वैतागली असती. ही प्रणोती खुर्चीत मागे टेकून विचार करत बसली. मध्ये ठेवली तर? मध्यही आपणच ठरवलेला. पुष्कळ लोक पहिल्या दिवशी असतं तेच आयुष्यभर चालवतात. तिने लिहिलं, "कुठेच नसेल. माणसाने बोट ठेवून जागा निवडल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. आधी तिन्ही प्रकार त्याच्याच आवाजात, त्याच्या एकट्याच्या कानात ऐकवले जातील."

दोन दिवस काहीच आलं नाही. वर्कशॉपातल्या बायका रोज डब्याच्या वेळी विचारायच्या, "आली का गं तुझी तामारबाई?" तिसऱ्या दिवशी, ती गच्चीतल्या नळावर हात धूत असताना फोन वाजला.

"घेतलं. आभार. कोडसोबत पाठवलेल्या तुमच्या चाचणीच्या ध्वनिनोंदींमधली पाचव्या दिवसाची सकाळ मी ऑफिसमध्ये मोठ्याने लावली होती. भाषा कळली नाही, पण आम्ही सगळे हसत होतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना सांगा, एककाचं नाव म्हणून आबा मला आवडलं होतं."

प्रणोतीने ते तीनदा वाचलं, आणि मग ओल्या हातांनीच खाली धावत सुटली.

दीड महिन्याने नवी आवृत्ती फोनांमध्ये उतरली, त्या शनिवारी सकाळी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये एकोणीस जण आपापल्या माणसांना घेऊन बसले होते. डॉ. मुल्लांनी एकेकाच्या हनुवटीखाली पट्ट्या बसवल्या. ज्यांचा जुना आवाज कुठेच साठवलेला नव्हता, त्यांना भावाच्या किंवा बहिणीच्या आवाजावरून बांधून दिला होता. यंत्रं तयार होती, प्रत्येकाने फोनवर खुणेची जागा निवडली होती, पण बोलायला कुणी धजेना. सगळे एकमेकांकडे बघत बसले. इतके दिवस मुकं राहिल्यावर चारचौघांत पहिला शब्द कुठला काढायचा?

आबा मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी प्रणोतीकडे पाहिलं, फोनवरची खूण शेवटच्या टोकाला नेली, धोतराचा सोगा सावरला आणि पुढे आले.

"ऐका मंडळी, ऐका!" हॉल दणाणला. "आज हितं माती न्हाई, पर मैदान हाय! एकोणीस पैलवान हायत आन् समोर एकच गडी, त्येचं नाव मुकेपणा! पयली जोड, तासगावच्या हौसाबाई! द्राक्षबागेत पन्नास बायकांवर मुकादमी केलेली वाघीण! हौसाबाई, दंड थोपटा!"

हौसाबाई लाजल्या, हसल्या, आणि त्यांचं हसणं ऐकू आलं. त्यांनी घाबरून गळ्याला हात लावला. "अरारारा," त्या म्हणाल्या, आणि तेही ऐकू आलं. टाळ्या पडल्या. मग एकामागून एक सुरू झालं. कुणी नातवाला हाक मारली, कुणी नुसताच आ करून बघितला, एका मास्तरांनी बावीसचा पाढा म्हटला. प्रणोती खिडकीशी उभी राहून ऐकत होती. कुणाचं हसणं खोकल्यासारखं, कुणाचं शिट्टीसारखं. एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं.

शेवटच्या खुर्चीवर जतचे बळवंत खिलारे होते. ट्रक चालवायचे. चार वर्षं एक शब्द बोलले नव्हते. शेजारी बायको बसलेली, डोक्यावर पदर, हातात औषधांची पिशवी. आबांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं, पण खिलारे मान खाली घालून बसले. डॉक्टर पुढे जाऊ लागल्या, तर आबांनी हाताने थांबवलं.

"शेवंता," खिलारे म्हणाले.

धाकट्या भावावरून बांधलेला, जरा घोगरा आवाज. बायको दचकली. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय म्हणून.

"अगं बया!" ती म्हणाली. "उभ्या जन्मात कधी नाव घेतलं न्हाई, अहो-अगं करत दिस काढलं, आन् आता एवढ्या मान्सांत?"

"चार वर्सं ठरवत हुतो," खिलारे म्हणाले, "बोलायला आलं तर पयलं काय बोलायचं ते."

हॉलभर हसू उसळलं, एकोणीस तऱ्हांचं. शेवंताबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. मग पदराआडूनच, नवऱ्याला तेवढं ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"मग आनि एकदा म्हना की."